अनोळखी रस्त्याची वही

आजचा विषय जरा वेगळा आहे. कर्ज नाही, कोंबड्या नाहीत, परसबागही नाही. आज आपण बोलणार आहोत गाडीच्या स्पर्धेबद्दल. जो रस्ता आधी कधी पाहिला नाही, त्या रस्त्यावर गाडी न्यायची स्पर्धा, आणि तिची तयारी घरी बसून कशी करायची, ते आज सांगतो.

"आपल्याला काय करायचं त्याचं?" असं तुम्ही म्हणाल. आमच्या बैठकीतही पहिला प्रश्न हाच आला. पण थोडा विचार करा. धारणी तालुक्यात आता पुष्कळ मुली, सुना स्कूटी चालवतात. माल बाजारात न्यायला छोटी गाडी घ्यावी का, असा हिशेब काही गट मांडू लागले आहेत. गाडी येईल, लायसन्सही निघेल. पण परतवाड्याच्या पुढे, अमरावतीच्या पुढे, न पाहिलेल्या रस्त्यावर जायची वेळ आली की चावी घरच्या माणसाच्या नाहीतर भाड्याच्या ड्रायव्हरच्या हातात जाते. का, म्हणून विचारलं तर "गाडी येत नाही" असं कुणी म्हणत नाही. "रस्ता माहीत नाही" असं म्हणतात.

ही स्पर्धा याच गोष्टीची परीक्षा घेते. रस्ता माहीत नसताना ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणी, नीट पोचता येतं का? ते शिकता येतं, आणि शिकायला महाग गाडी लागत नाही. एक वही, एक पेन, एक घड्याळ आणि एक मैत्रीण लागते.

पळवायचं नाही, वेळेवर पोचायचं

आपल्या वऱ्हाडाला शर्यत म्हटली की शंकरपट आठवतो. आपल्याच जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे बायांनीही बैलजोड्या हाकल्या आहेत. शंकरपटात नियम सोपा आहे. जी जोडी कमीत कमी सेकंदांत धाव संपवते, ती जिंकते.

आज ज्या स्पर्धेबद्दल बोलतो आहोत तिचा नियम उलटा आहे. तिला टीएसडी रॅली म्हणतात. टी म्हणजे टाइम, एस म्हणजे स्पीड, डी म्हणजे डिस्टन्स. वेळ, वेग आणि अंतर या तिघांचा मेळ जी घालते ती जिंकते. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन नावाची १९१९ साली स्थापन झालेली जुनी संस्था आहे. ती फक्त बायकांसाठी अशी रॅली भरवत आली आहे. तिचं नाव "विमेन्स रॅली टू द व्हॅली". मुंबईहून निघायचं आणि लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीला पोचायचं. तिथे येणाऱ्या बहुतेक बाया हौशी असतात. एरवी नोकरी, धंदा, घर सांभाळणाऱ्या.

ही स्पर्धा चालते कशी, ते बघू. सगळ्या गाड्या एकदम सोडत नाहीत. एक-एक, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडतात. निघायच्या थोडं आधी हातात एक पुस्तिका मिळते, तिला रोडबुक म्हणतात. कोणत्या अंतरावर कुठे वळायचं आणि कोणत्या टप्प्यात सरासरी किती वेग ठेवायचा, हे त्यात असतं. वेग कायद्याच्या मर्यादेत असतो, आणि घाटात, गावात तो आणखी कमी ठेवलेला असतो. वाटेत तपासणीची ठिकाणं असतात. ती कुठे आहेत हे कुणाला सांगत नाहीत. तुमची गाडी तिथून जायची खरी वेळ किती आणि प्रत्यक्षात केव्हा गेली, यातला फरक म्हणजे दंडाचे गुण. उशीर झाला तर दंड, आणि लवकर गेलात तरी दंड. काही स्पर्धांत तर लवकर जाण्याचा दंडच जास्त असतो. ज्यांचा दंड सगळ्यात कमी, त्या जिंकल्या.

म्हणजे इथे गाडी पळवणारीला बक्षीस नाही. ठरलेली चाल धरून ठेवणारीला आहे. दूध डेअरीच्या वेळेवर पोचवणारी, हप्ता तारखेला भरणारी बाई या खेळात हुशार ठरू शकते.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. सरकारची लेखी परवानगी नसताना सार्वजनिक रस्त्यावर गाड्यांची शर्यत लावणं किंवा वेगाची चाचणी घेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे आज जो सराव सांगणार आहोत, तो शर्यतीचा नाही. तो वाचायचा, मोजायचा आणि बोलायचा सराव आहे.

गाडीत दोघी, आणि दोघींचं काम सारखं

या खेळात एक बाई गाडी चालवते, दुसरी शेजारी बसून रोडबुक वाचते. त्या दुसरीला नॅव्हिगेटर म्हणतात. आपण तिला वाटाडी म्हणू. आपल्याकडे शेजारी बसलेल्या बाईने डबा सांभाळायचा नाहीतर झोप काढायची, असा रिवाज. इथे ती झोपली तर स्पर्धा संपली.

वाटाडीचं काम किती मोठं आहे, त्याची एक जुनी गोष्ट. इटलीत पूर्वी मिल्ले मिलिया नावाची शर्यत व्हायची. ब्रेशिया शहरातून निघायचं, रोमपर्यंत जायचं आणि परत यायचं. सुमारे १,६०० किलोमीटर, साध्या रस्त्यांवरून. १९५५ साली स्टर्लिंग मॉस हा इंग्रज गाडी चालवत होता. त्याच्या शेजारी डेनिस जेंकिन्सन नावाचा पत्रकार होता. इटलीच्या चालकांना ते रस्ते पाठ होते, या दोघांना नव्हते. म्हणून शर्यतीच्या आधी दोघे त्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा फिरले आणि जेंकिन्सनने प्रत्येक धोक्याचं वळण, प्रत्येक उंचवटा कागदावर उतरवला. पाच मीटरहून लांब कागदाची सुरळी झाली. ती त्याने एका डबीत बसवली, आणि शर्यतीत ती उलगडत वाचत गेला. गाडी उघडी, आवाज इतका की बोललेलं ऐकू येत नव्हतं. म्हणून दोघांनी हाताच्या खुणा ठरवल्या होत्या. १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत ते परत आले आणि जिंकले. ज्यांना रस्ता पाठ होता ते मागे राहिले, ज्यांनी तो लिहून घेतला ते पुढे गेले.

त्याच शर्यतीत दोन वर्षांनी, १९५७ मध्ये, मोठा अपघात झाला. रस्त्याच्या कडेला उभे असलेले बघेही गेले, त्यांत लहान मुलं होती. त्यानंतर ती शर्यत तशी पुन्हा झाली नाही. लोकांच्या जाण्या-येण्याच्या रस्त्यावर वेगाची शर्यत नको, हे शिकायला जगाला एवढी किंमत द्यावी लागली. जेंकिन्सनची वही आपण घेऊ, वेग नको.

बायकांच्या जोड्याही यात कमी नाहीत. १९६० साली पॅट मॉस आणि ॲन विज्डम या दोघींनी युरोपातली लीएज-रोम-लीएज ही अतिशय कठीण रॅली पुरुषांना मागे टाकून जिंकली. ही पॅट त्या स्टर्लिंग मॉसचीच धाकटी बहीण. १९८१ साली फ्रान्सची मिशेल मूतोन आणि इटलीची वाटाडी फाब्रिझिया पोन्स यांनी इटलीतली सानरेमो रॅली जिंकली. जागतिक मालिकेतली फेरी जिंकणारी मूतोन ही पहिली बाई. पुढच्या वर्षी तिने आणखी तीन फेऱ्या जिंकल्या.

आणि एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं. मुंबईत अंध व्यक्ती वाटाडी असलेल्या रॅली झाल्या आहेत. रोडबुक ब्रेल लिपीत असतं. अंध वाटाडी बोटांनी वाचून सांगते, आणि डोळस चालक तिच्या शब्दावर गाडी वळवतो. जिला रस्ता दिसतच नाही ती रस्ता दाखवते. मग आपण फक्त तो पाहिलेला नाही म्हणून घाबरायचं का?

रोडबुक वाचायचं कसं

रोडबुकाच्या पानावर उभे रकाने असतात. पहिल्या रकान्यात अंतर असतं. निघाल्यापासून एकूण किती, आणि मागच्या खुणेपासून किती. मधल्या रकान्यात एक छोटं चित्र. शेवटच्या रकान्यात एखादा शब्द, म्हणजे पूल, शाळा, गतिरोधक असं काही.

ते चित्र फार कामाचं आहे. चित्रात खाली एक गोल ठिपका असतो, तो म्हणजे आपण. बाणाचं टोक म्हणजे आपल्याला जायचं ती दिशा. बाकीच्या रेषा म्हणजे सोडून द्यायचे रस्ते. चौकात डावीकडे जायचं असेल तर ठिपक्यापासून निघालेली रेघ डावीकडे वळून तिला बाण असतो, आणि सरळ व उजवीकडे जाणाऱ्या रेघा बिनबाणाच्या असतात. अशा चित्राला ट्युलिप म्हणतात, कारण नेदरलँड्समधल्या ट्युलिप रॅलीत ते वापरात आलं.

आपल्या गटांत काही ताईंना अक्षरं जमत नाहीत, पण आकडे पक्के येतात. नोटा मोजता येतात, वजनकाटा वाचता येतो. त्यांनी हे चित्र वाचायला काहीच हरकत नाही. वाचन येत नाही म्हणून वाटाडी होता येत नाही, असं समजू नका. चित्र आणि आकडा एवढ्यावर काम भागतं.

चित्र वाचताना नवीन बायांना एक अडचण येते. रस्ता स्वतःच वळत असेल तर? चित्र फक्त जिथे निवड करायची असते तिथेच काढतात, म्हणजे फाटा, चौक, वाय. दोन चित्रांच्या मधे रस्ता कितीही वळला तरी आपण मुख्य रस्ता सोडायचा नाही. म्हणून "सरळ" या शब्दाचा अर्थ दोघींनी आधीच ठरवून घ्यावा. सरळ म्हणजे मुख्य रस्ता धरून, मग तो वळत का असेना.

वेळेचं गणित

आता गणित. घाबरू नका, व्याजाच्या हिशेबापेक्षा सोपं आहे. सरासरी वेग दिला की एक किलोमीटरला किती वेळ लागेल, ते आधी काढून ठेवायचं. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा :

ताशी २० किलोमीटर वेग असेल तर एक किलोमीटरला ३ मिनिटं.
ताशी २४ असेल तर २ मिनिटं ३० सेकंद.
ताशी ३० असेल तर २ मिनिटं.
ताशी ३६ असेल तर १ मिनिट ४० सेकंद.
ताशी ४० असेल तर १ मिनिट ३० सेकंद.
ताशी ४५ असेल तर १ मिनिट २० सेकंद.

एक उदाहरण घेऊ. तुम्ही सकाळी ९ वाजून ७ मिनिटांनी निघालात. पहिले १२ किलोमीटर ताशी ३६ च्या सरासरीने जायचे आहेत. बारा वेळा १०० सेकंद म्हणजे १,२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटं. पुढे ६ किलोमीटर घाट, तिथे ताशी २४. सहा वेळा अडीच मिनिटं, म्हणजे १५ मिनिटं. एकूण ३५ मिनिटं. म्हणजे घाट संपेल तिथे तुमच्या घड्याळात ९ वाजून ४२ मिनिटं व्हायला हवीत.

सरासरी म्हणजे काट्यावर सतत तोच आकडा नव्हे. गुरं आडवी येतील, एसटीला वाट द्यावी लागेल, गतिरोधक येईल. म्हणून वाटाडी दर किलोमीटरला घड्याळ बघते आणि सांगते, "वेळेवर आहोत", "१० सेकंद मागे आहोत", "१५ सेकंद पुढे आहोत". चालवणारीने त्यावरून थोडं थोडं सावरायचं. घाईने एकदम नाही.

आपल्या मीटरचा फरक

पुढची गोष्ट पुष्कळ जणींना माहीत नसते. आयोजकांनी अंतर त्यांच्या गाडीने मोजलेलं असतं. तुमच्या गाडीचं मीटर तेवढंच दाखवेल असं नाही. टायर झिजलेलं असेल, हवा कमी-जास्त असेल, तर फरक पडतो. दोन दुकानांच्या काट्यांवर एकाच पोत्याचं वजन वेगळं भरतं, तसं.

म्हणून बहुतेक रॅलींत सुरुवातीचा एक तुकडा फक्त मीटर तपासायला ठेवतात. समजा रोडबुकात त्या तुकड्याचं अंतर १० किलोमीटर लिहिलं आहे, आणि तुमच्या मीटरवर १०.४ आलं. म्हणजे त्यांच्या एका किलोमीटरला तुमचं मीटर १.०४ दाखवतं. आता रोडबुकात २५ किलोमीटरवर वळण असेल, तर ते तुमच्या मीटरवर २६ ला येईल. हे समजलं नाही तर एक किलोमीटर आधीच तुम्ही वळण शोधू लागाल, आणि भलत्याच पांदण रस्त्याला लागाल.

मीटर तपासायला स्पर्धेची वाट बघायची गरज नाही. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात. एका दगडापाशी मीटर बघा, पाच दगड पुढे जाऊन पुन्हा बघा. एक दगड जागेवरून हललेला असू शकतो, म्हणून पाच तरी घ्यावेत. त्या दगडांच्या डोक्याचा रंगही बघा. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक. हिरव्या दगडाच्या रस्त्यावरून जायचं असताना पुढचा दगड नारिंगी दिसला, तर थांबून विचार करा. बहुतेक फाटा चुकला आहे.

बोलायचं कसं

गाडी चुकते ती बहुतेक वेळा बोलण्यातल्या गोंधळामुळे. "इकडे घे", "अगं तिकडे नाही", "तिथून आत" हे शब्द गाडीत चालत नाहीत. वाटाडी बोट कुठे दाखवते हे चालवणारीला दिसत नाही, तिची नजर रस्त्यावर असते. "पुढचं वळण" हा शब्दही फसवा आहे. एकीच्या मनात आत्ता येणारं वळण असतं, दुसरीच्या मनात त्याच्या नंतरचं.

त्यापेक्षा असं ठरवा. वाटाडीने प्रत्येक वळण तीनदा सांगायचं. लांबून, जवळून आणि वळणावर. "एक किलोमीटरवर डावं." मग, "दोनशे मीटरवर डावं, पुलानंतर." मग, "हे डावं." चालवणारीने प्रत्येक वेळी शेवटचा शब्द परत म्हणायचा, "डावं." परत म्हटलं नाही, तर ऐकलं नाही असं समजायचं आणि पुन्हा सांगायचं. वळण झालं की वाटाडीने वहीत त्या ओळीवर टीक करायची.

ज्यांचा डावा-उजवा पटकन लक्षात येत नाही, त्यांनी डाव्या मनगटाला लाल दोरा बांधावा. यात लाजण्यासारखं काही नाही. दोघी कोरकू बोलणाऱ्या असतील तर कोरकूत बोला, हिंदी सोपं जात असेल तर हिंदीत. भाषा कोणतीही असो, एका गोष्टीला एकच शब्द, आणि तो आधी ठरलेला.

मोठी-लहान असाही प्रश्न येतो. सून चालवते आणि सासूबाई वाटाडी, नाहीतर उलट. आमचं सांगणं असं की गाडीत बसल्यावर रस्ता कोणता घ्यायचा याचा शब्द वाटाडीचा, आणि गाडी थांबवायची की नाही याचा शब्द चालवणारीचा. चालवणारी म्हणाली, "माझ्याने होत नाही, थांबते," तर वयाने कितीही मोठी बाई शेजारी असली तरी गाडी थांबली पाहिजे. बाकीचं मग उतरल्यावर बोला.

घाट, खुणा आणि गाडी

रस्ता पाहिला नसला तरी त्याची जात आधी कळू शकते. मैदानी आहे की घाटाचा, मोठी गावं किती, पेट्रोल पंप कुठे. नकाशा घरीच बघून घ्या. आपल्या मेळघाटातल्यासारखं मोबाइलचं नेटवर्क मधेच जातं, म्हणून सगळं फोनच्या भरवशावर ठेवू नका. कागदावर उतरवून घ्या.

घाटाच्या बाबतीत आपण धारणीच्या बाया शहरातल्या बायांच्या पुढे आहोत. सेमाडोह, घटांगची वळणं आपल्या अंगवळणी आहेत. तरी नियम उजळून घेऊ. अरुंद चढावर समोरून गाडी आली तर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. उतरताना खालचा गिअर ठेवायचा. ज्या गिअरमध्ये चढलो असतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं. गाडी न्यूट्रल करून उतरायची नाही, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि लागत नाहीत. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा, आपली बाजू सोडायची नाही. जंगलात जनावर दिसलं तर थांबायचं, हॉर्न वाजवायचा नाही, खाली उतरायचं नाही. दंडाचे गुण गेले तर गेले.

रस्त्यावरच्या पाट्या तीन प्रकारच्या. लाल काठाचा त्रिकोण म्हणजे पुढे धोका आहे, सावध. गोल पाटी म्हणजे हुकूम, ती पाळायचीच. निळी चौकोनी म्हणजे माहिती, म्हणजे दवाखाना, पंप, विश्रांतीची जागा. एवढं ओळखता आलं तरी अनोळखी रस्ता अर्धा ओळखीचा होतो.

गाडीचं थोडक्यात सांगतो. आदल्या दिवशी टायरची हवा, स्टेपनी, ब्रेक, दिवे, वायपर बघा. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी एका पिशवीत ठेवा. विम्याची तारीख वाचून बघा, नुसता कागद असून भागत नाही. रात्री झोप पुरी हवी. सकाळी पोटाला हलकं काही खा, पाणी जवळ ठेवा. सीटबेल्ट दोघींनी लावायचा, स्कूटीवर हेल्मेट दोघींना हवं.

रस्ता चुकला तर

चुकणारच. मोठमोठ्यांचा चुकतो. कसं सावरायचं ते आधी ठरवलेलं हवं.

पहिली गोष्ट, थांबा. बाजूला, सुरक्षित जागी. चुकलोय असं वाटत असताना पुढे पुढे जाणं सगळ्यात महाग पडतं. दुसरी गोष्ट, वहीत शेवटची टीक कोणत्या खुणेवर आहे ते बघा आणि तिथे परत जा. जाऊन-येऊन जास्तीचं जेवढं अंतर झालं, ते मीटरमधून वजा करा. तिसरी गोष्ट, समोरच्या गाडीच्या मागे जाऊ नका. ती तुमच्या आधी निघालेली आहे, आणि ती बरोबर चालली आहे याची कुणी हमी दिली आहे?

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. गेलेला वेळ वेगाने भरून काढू नका. गणित करून बघा. ताशी ३६ च्या टप्प्यात तुमची ५ मिनिटं गेली. ती पुढच्या १० किलोमीटरमध्ये भरून काढायची म्हटलं, तर ताशी ५१ च्या वर गाडी न्यावी लागेल. घाटात ३६ सांगितलं आहे तिथे ५१. कशासाठी? पाच मिनिटांच्या दंडासाठी? ज्या बाईला "उशीर झाला, चालेल" असं स्वतःला सांगता येतं, ती बाई अनोळखी रस्त्यावर सुरक्षित राहते. स्पर्धेतही आणि एरवीही. घरी उशिरा पोचल्याबद्दल बोलणी बसतील, या भीतीने आपल्यातल्या किती जणी घाई करतात, ते आपल्यालाच माहीत.

चार रविवारचा सराव

आता हे गटात कसं करायचं ते सांगतो. आम्ही काही गटांत असं करून पाहिलं, त्यावरून ही रीत बसवली आहे.

पहिल्या रविवारी गाडी नको. बैठकीत वही घ्या आणि गावातल्या गावात, ग्रामपंचायतीपासून शाळेपर्यंतची चित्रं काढा. ठिपका, रेघ, बाण. वरचे वेळेचे आकडे पाठ करा.

दुसऱ्या रविवारी एकीने एसटीने नाहीतर काळीपिवळीने प्रवास करताना ओळखीच्या रस्त्याची वही करायची. फाटे, पूल, शाळा, दगडावरचे आकडे. वही करताना खुणा टिकाऊ घ्या. आमच्याकडे एकीने "टपरीपाशी डावं" असं लिहिलं, पण रविवारी टपरी बंद होती, ओळखूच आली नाही. दुसरीने "मोहाचं झाड" लिहिलं, आणि मेळघाटात मोहाची झाडं काय कमी आहेत? पूल, दगड, शाळा, देऊळ, पाण्याची टाकी या खुणा जागेवर राहतात.

तिसऱ्या रविवारी ती वही अशा दोघींच्या हातात द्या, ज्या त्या रस्त्याने कधी गेल्या नाहीत. खरी परीक्षा इथे आहे. वही लिहिणारीने सोबत जायचं नाही, फोनवर सांगायचं नाही. दोघींना तेवढ्या वहीवर पोचता आलं, तर वही चांगली. जिथे अडल्या तिथे लिहिणं कमी पडलं, ती ओळ दुरुस्त करा.

चौथ्या रविवारी वेळ धरून जा. स्पर्धा म्हणून नाही, सराव म्हणून. दिवसाउजेडी, कमी रहदारीच्या रस्त्यावर, वेग कमी ठेवून. लायसन्स असलेलीनेच चालवायचं. पुढे तालुक्यात मोठा कार्यक्रम करावासा वाटला तर आधी पोलिसांकडे आणि प्रशासनाकडे रीतसर परवानगी मागा. रस्ता जंगलातून जात असेल तर वनविभागाकडेही. आणि व्याघ्र प्रकल्पातल्या रस्त्यावर असला कार्यक्रम नकोच, असं आम्हाला वाटतं. धारणीच्या आजूबाजूला दुसरे रस्ते आहेत.

खर्चाचंही स्पष्ट बोलू. पेट्रोलला गटाच्या बचतीतले पैसे काढू नका. बचत कर्जासाठी आहे, अडीनडीसाठी आहे. ज्या जणी जाणार त्यांनी वेगळी वर्गणी काढावी आणि तिची वेगळी नोंद ठेवावी.

वही राहू द्या

या सरावातून कुणी मुंबईच्या रॅलीला जाईल की नाही, ते पुढचं पुढे. गेली तर आम्हाला आनंदच आहे. पण हातात राहील ती वही. धारणी ते अमरावतीचं सरकारी रुग्णालय, धारणी ते बऱ्हाणपूर बाजार, धारणी ते अकोला. प्रत्येक रस्त्याची एक वही ग्रामसंघाच्या कपाटात असेल, तर रात्री-अपरात्री कुणाच्या लेकराला घेऊन निघायची वेळ आली, तेव्हा चालवणारी बाई "रस्ता माहीत नाही" म्हणून थांबणार नाही. रस्ता तिने पाहिलेला नसेल. पण आपल्यातल्या कुणीतरी तो पाहून, मोजून, लिहून ठेवलेला असेल.

येत्या बैठकीत विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. कोण चालवणार, कोण वाटाडी, आणि पहिली वही कोणत्या रस्त्याची, हे ठरवा. वही झाली की आम्हाला कळवा. चांगल्या वह्यांमधल्या खुणा आपण या कार्यक्रमात वाचून दाखवू. नमस्कार.